बोल्ट आवळण्याचे ऐंशी रुपये

माणूस आणि त्याची वस्तू यांच्यामध्ये एक काचेचा दरवाजा, एक टोकन मशीन आणि एक हसतमुख मॅडम उभी राहिल्याशिवाय समाज प्रगत झाला असं म्हणता येत नाही. पूर्वी मोटरसायकल कुरकुरायला लागली की माणूस तिच्याशेजारी उकिडवा बसायचा, हात काळे करून घ्यायचा आणि तासाभराने कंबर धरून उठायचा. त्यात मालक आणि गाडी यांची नको इतकी सलगी व्हायची. आता अधिकृत सेवा केंद्रं निघाली आहेत. गाडी आत जाते, मालक बाहेर बसतो, आणि दोघांची गाठ थेट बिलाच्या वेळी पडते.

मी भोसरीतल्या एका कारखान्यात एकोणीस वर्षं गुणवत्ता विभागात आहे, म्हणजे कागदांवर सह्या करतो. (वस्तू तपासणारे वेगळे. ते वस्तू तपासतात आणि मी त्यांनी तपासल्याचे कागद तपासतो. माझा दर्जा वरचा आहे.) त्यामुळे पद्धतशीर गोष्टींबद्दल मला मनापासून आदर वाटतो. खालची हकिगतही त्याच आदराने सांगतो आहे.

पुनावळ्यात बबनरावांच्या चार मजली इमारतीत मी दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहतो. (इमारतीच्या जागी पूर्वी बबनरावांचा ऊस होता. ऊस वर्षातून एकदा निघायचा, भाडं बारा वेळा निघतं.) माझ्या डोक्यावर, तिसऱ्या मजल्यावर, रोहिदास राहतो. मूळचा हिंगोलीकडचा. चाकणच्या एका कंपनीत मोटरसायकलची इंजिनं जोडायच्या लाइनवर तो स्टेशन नंबर चौदाला उभा असतो.

चौदा नंबरचं काम असं. इंजिन समोर येतं. त्याच्या पोटाला खालून एक भोक असतं, जुनं ऑइल सोडून देण्यासाठी. त्या भोकात बोल्ट बसवायचा, त्याला ड्रेन बोल्ट म्हणतात. तो टॉर्क रेंचने, म्हणजे ठरलेला जोर लागला की 'टक्' म्हणणाऱ्या पान्याने आवळायचा. मग त्यावर पिवळ्या मार्करने एक रेघ मारायची. इंजिन पुढे जातं. एवढ्याला साडेबावन्न सेकंद लागतात, आणि शिफ्टला अशी चारशे ऐंशी इंजिनं होतात. रोहिदास हे अकरा वर्षं करतो आहे आणि अकरा वर्षं तात्पुरता आहे. दर सात महिन्यांनी त्याला दहा दिवसांचा ब्रेक देऊन पुन्हा नव्याने घेतात, त्यामुळे कागदोपत्री तो सदैव नवखा असतो. (ते कागद मी पाहिले आहेत. निर्दोष आहेत.)

एवढ्या वर्षांत त्याच्या फायलीत एकच डाग आहे. दुसऱ्या वर्षी शेजारच्या पंधरा नंबरच्या बुद्धभूषणला चक्कर आली. लाइन थांबू नये म्हणून रोहिदासने दोन इंजिनांपुरतं त्याचंही काम उरकून टाकलं. संध्याकाळी हातात मेमो पडला: 'आपण नेमून दिलेल्या स्टेशनच्या पुढील कामात विनापरवाना हस्तक्षेप केला आहे. असे पुन्हा घडल्यास...' पुन्हा घडलं नाही. त्यानंतर पंधरा नंबरकडे त्याने मान वळवूनही पाहिलं नाही.

यंदा कंपनीने एकशे चाळीस तात्पुरत्यांपैकी सहा जणांना कायम करायचं ठरवलं आणि मुलाखतीच्या यादीत रोहिदासचं नाव आलं. सोमवार, सकाळी साडेनऊ. कायम झाला की आईवडिलांसकट सगळ्या घराला कंपनीचा मेडिक्लेम लागणार होता. त्याच्या आईचे दोन्ही गुडघे गेले आहेत, गावाकडच्या घराच्या चार पायऱ्या ती बसून उतरते. अंजलीने, म्हणजे रोहिदासच्या बायकोने, चिंचवडच्या डॉक्टरांकडून ऑपरेशनची तारीखसुद्धा घेऊन ठेवली. ती जिन्यात भेटली की एकच सांगायची, "भाऊजी, आत्तींना यंदा चालत इथवर आणायचंय."

आता रोहिदासच्या मोटरसायकलकडे वळू.

तीन महिन्यांपूर्वी रोहिदासने ती हायवेलगतच्या अधिकृत सेवा केंद्रात सर्व्हिसिंगला दिली होती. सोबत मीही होतो. केंद्र उत्तम आहे. बसायला थंडगार खोली आहे, कॉफीचं मशीन आहे (बंद आहे, पण त्यावर तशी सुबक पाटी आहे), आणि मालकाला आपली गाडी दिसावी म्हणून मोठी काच आहे. काचेतून इतरांच्या गाड्या दिसतात. चार तासांनी सर्व्हिस ॲडव्हायझर मोनिका मॅडमनी बिल दिलं:

इंजिन ऑइल ५२०
ऑइल फिल्टर १४०
मजुरी ६५०
वॉशिंग २५०
चेन सफाई व वंगण २२०
इंजिन हेल्थ चेकअप २९७
किरकोळ साहित्य (कोणतं, हे किरकोळ असल्याने लिहिलेलं नाही) १८५
जुन्या ऑइलची पर्यावरणपूरक विल्हेवाट ९०
ड्रेन बोल्ट टाइटनिंग ८०
जीएसटी ४३८
एकूण २८७०

रोहिदासने बाकी कशावर हरकत घेतली नाही. त्याचं बोट शेवटून तिसऱ्या ओळीवर थांबलं. "मॅडम, हे बोल्ट आवळायचे ऐंशी?"

"हो सर. तो स्किल्ड जॉब आहे."

ह्या वाक्याने माणूस हलला. अकरा वर्षांत त्याच्या कामाला स्किल्ड म्हणणारी ही पहिलीच व्यक्ती, आणि तिने ते दुसऱ्याच कुणी केलेल्या कामाबद्दल म्हटलं होतं. घरी आल्यावर त्याने गणित मांडलं. शिफ्टला चारशे ऐंशी बोल्ट, ऐंशीच्या दराने अडतीस हजार चारशे रुपये. त्याला मिळतात सातशे चाळीस. म्हणजे बोल्टामागे एक रुपया चोपन्न पैसे. "दादा, मी काय करायलोय तिथं?" त्याने मला विचारलं. गणित बरोबर होतं, मी तपासलं. प्रश्नाचं उत्तर देणं माझ्या विभागात येत नाही.

बिल तीन महिने त्याच्या पाकिटात राहिलं. पुढच्या सर्व्हिसिंगची वेळ आली ती नेमकी मुलाखतीच्या आदल्या आठवड्यात. पुनावळ्याकडे कंपनीची बस येत नाही, तेव्हा सोमवारी गाडी धडधाकट हवी होती. रोहिदासने जाहीर केलं, "आता बोल्टाला हात लावायला त्या लोकायला ऐंशी देणार नाही. घरीच करायचं."

घरच्या सर्व्हिसिंगचा खर्च ऑइल चारशे वीस, फिल्टर पंच्याण्णव, एकूण पाचशे पंधरा. बचत दोन हजार तीनशे पंचावन्न. अंजलीने या आकड्याला मान डोलावली आणि विषय संपला असं तिला वाटलं.

पण काम करायचं तर पद्धतीने. टॉर्क रेंचशिवाय बोल्ट आवळणं रोहिदासला उघड्याने बाजारात जाण्याइतकंच अशक्य. मग टॉर्क रेंच आला, तीन हजार चारशे. गाडी सरळ उभी राहावी म्हणून स्टँड, सोळाशे पन्नास. पान्यांचा सेट बाराशे पन्नास, ट्रे एकशे ऐंशी, हातमोजे नव्वद, डोळ्यांना गॉगल एकशे दहा, फरशीवर मारायला पिवळी पट्टी एकशे साठ, लॅमिनेट केलेल्या कार्यपद्धतीच्या तीन प्रती एकशे वीस (एक कामाच्या जागी, एक फायलीला, एक बबनरावांना माहितीस्तव), लेबलं पंचेचाळीस, पिवळा मार्कर सत्तर. ऑइल-फिल्टर धरून सात हजार पाचशे नव्वद. हा भांडवली खर्च आहे आणि तो तीन सर्व्हिसिंगमध्ये वसूल होतो, हे मी अंजलीला कागदावर दाखवून दिलं. (दहा रुपये कमी पडतात. ते आम्ही सोडून दिले.)

कार्यपद्धतीचा मसुदा रोहिदासचा आणि भाषा माझी. ती जशीच्या तशी देतो, इतरांना उपयोगी पडेल.

१. हात स्वच्छ धुणे. अंगठी काढणे. (अंगठी नसल्यास तशी नोंद करणे.)
२. इंजिन पाच मिनिटे चालवून गरम करणे व बंद करणे.
३. गाडी स्टँडवर घेणे. दोन्ही चाके पिवळ्या पट्टीच्या आत असल्याची खात्री करणे.
४. ट्रे इंजिनाखाली बरोबर मध्यभागी ठेवणे.
५. ड्रेन बोल्ट काढणे. जुने ऑइल पूर्ण गळू देणे. (वीस मिनिटे. या काळात चहा घेता येईल.)
६. जुना फिल्टर काढून नवा बसवणे.
७. नवा वॉशर घालून ड्रेन बोल्ट प्रथम हाताने बसवणे.
८. टॉर्क रेंचने आवळणे. 'टक्' असा आवाज दोघांनी ऐकणे.
९. बोल्टावर पिवळी रेघ मारणे.
१०. ट्रे व फरशी पुसणे. काही सांडले नसल्याची नोंद करणे.
११. सर्व वस्तू लेबलाप्रमाणे जागेवर असल्याची खात्री करणे.
१२. सह्या: काम करणारा, तपासणारा.

रविवारी सकाळी नऊला पार्किंगमध्ये काम सुरू झालं. बबनराव खुर्ची टाकून बसले. त्यांना पिवळी पट्टी पाहून गहिवरून आलं असावं. "आरं, एक बोल्ट काडायला येवढा थाट व्हय? आमी हिरीवरचं इंजान बांधावर बसून खोलायचो. चिंधी न् पाना, बास."

"काका, तेव्हा स्टँडर्ड नव्हतं," मी म्हणालो.

"व्हय, ते न्हवतं," त्यांनी कबूल केलं. "पर इंजान चालायचं."

रोहिदासचं काम पाहण्यासारखं होतं. चहाचा वेळ धरूनही कुठे घाई नाही की रेंगाळणं नाही. आठव्या पायरीला त्याने रेंच लावला आणि त्याचा चेहरा बदलला. टक्. आवाज मी ऐकला, बबनरावांनी ऐकला, जिन्यात उभ्या असलेल्या अंजलीनेही ऐकला. मग त्याने पिवळी रेघ मारली, अशी सरळ की पट्टी लावून मारावी. तो उठून उभा राहिला, एक पाऊल मागे सरकला आणि हात पुसले. अकरा वर्षांत पहिल्यांदा इंजिन त्याच्यापुढून निघून गेलं नव्हतं. तो त्याच्याकडे बघत राहिला. मला खरंच बरं वाटलं त्याच्यासाठी.

मी अकराव्या पायरीप्रमाणे मांडणीची तपासणी केली. रेंच जागेवर, पाने जागेवर, ऑइलचा डबा जागेवर, लेबल समोरच्या बाजूस, सील शाबूत. शंभरपैकी अठ्ठ्याण्णव गुण दिले. (दोन गुण चहाच्या कपांना लेबल नव्हतं म्हणून गेले.)

इतक्यात बबनरावांच्या मंडळी, मंजुळाबाई, कढीपत्त्याच्या कुंडीला पाणी घालायला आल्या. त्यांनी सगळ्या मांडणीवरून नजर फिरवली आणि डब्याकडे बोट केलं. "आन् ह्यो ऱ्हायला की हितंच?"

"काकू, त्याची जागा तीच हाय," रोहिदास म्हणाला. "लेबल बघा की."

"आसंल बया," म्हणून त्या कुंडीकडे वळल्या. मी बारावी पायरी पूर्ण केली, म्हणजे सही केली.

सोमवारी आठला रोहिदास निघाला. पांढरा शर्ट अंजलीने दोनदा इस्त्री केला होता. रावेत गेलं, निगडी गेली. तळवड्याच्या पुढे चाकणच्या रस्त्याला लागल्यावर त्याला खडखड ऐकू आली, ती त्याला पुढच्या कांद्याच्या ट्रकची वाटली. ट्रक वळून गेला, खडखड गेली नाही. मग इंजिन एकदाच ओरडलं, मागचं चाक जागच्या जागी जाम झालं आणि गाडी आडवी घसरत साइडपट्टीवर गेली. मागच्या टेम्पोने करकचून ब्रेक मारला. रोहिदासचं कोपर सोलवटलं, शर्टाची बाही काळी झाली, बाकी तो सुखरूप होता. घड्याळात आठ चाळीस झाले होते.

त्या आठवड्यात बुद्धभूषण जनरल शिफ्टला होता. कंपनीच्या बसच्या खिडकीतून त्याने हे पाहिलं आणि स्वतःचा लेट मार्क पत्करून खाली उतरला. (उतरलाच. अशी माणसं लाइनवर कशी टिकतात हा संशोधनाचा विषय आहे.) त्याने किकवर पाय दिला, किक हलली नाही. मग गाडीशी गुडघ्यावर बसून त्याने ऑइलचं झाकण उघडलं, आतली कांडी बाहेर काढली आणि तिच्याकडे पाहत राहिला. कांडी कोरडी होती.

"अरे राव, ऑइल?"

"ऑइलचं काय?"

"काल घरी बदलणार म्हणाला होतास ना? मग नवं भरलं का?"

रोहिदास त्याच्याकडे अगदी सरळ, शांतपणे बघत म्हणाला, "ते तर तुझं काम हाय ना."

चौदा नंबर बोल्ट आवळतो, पंधरा नंबर ऑइल भरतो. बुद्धभूषणने कोरडी कांडी त्याच्यापुढे धरली. दोन-तीन ट्रक गेले असतील, मग रोहिदासला स्वतःचं वाक्य ऐकू आलं आणि तो साइडपट्टीवर खाली बसला. "आई गं," एवढंच म्हणाला.

गाडी एका चहाच्या टपरीला टेकवून दोघे टेम्पोने कंपनीत पोचले तेव्हा नऊ पंचावन्न झाले होते. मुलाखत घेणारे तिघेही सभ्य होते, त्यांनी उशिराचं कारण विचारलं. रोहिदासने खरं ते सांगितलं. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मधल्या साहेबांनी अतिशय कळवळून विचारलं, "रोहिदास, अकरा वर्षं तुम्ही इंजिनाजवळ उभे आहात. बोल्टाच्या पुढे काय होतं याकडे कधी लक्ष गेलं नाही? आम्हाला कायम माणूस हवा तो संपूर्ण प्रक्रियेची जबाबदारी घेणारा."

"सर, एकदा घेतली होती. मेमो हाय फायलीत. बघा."

फाइल उघडली. मेमो होता. साहेबांनी तो काळजीपूर्वक वाचला आणि त्याचीही नोंद रोहिदासच्या विरुद्ध बाजूला केली. (म्हणजे हात लावल्याचा एक आणि न लावल्याचा एक, असे दोन दोष झाले. बेरीज मी तपासली आहे.) सहा माणसं कायम झाली. रोहिदासला पुढच्या सात महिन्यांचं नवीन नेमणूकपत्र मिळालं, त्यात अनुभवाच्या रकान्यात 'नाही' असं लिहिलं आहे.

त्या संध्याकाळी अंजलीने डॉक्टरांना फोन करून तारीख सोडली. मग हिंगोलीला फोन लावला. मी खालच्या मजल्यावरून ऐकत होतो. "आत्ती, इकडं थंडी फार आहे हो सध्या, उन्हाळ्यानंतर बघू," असं ती सांगत होती. थंडी फार नव्हती. मला वाईट वाटलं, आणि हे मी उपरोधाने म्हणत नाही.

गाडी टेम्पोत घालून सेवा केंद्रात न्यावी लागली. पिस्टन, सिलिंडर, क्रँक धरून सोळा हजार चारशेचा अंदाज निघाला. त्यात एक ओळ 'ड्रेन बोल्ट टाइटनिंग ८०' अशी होती. रोहिदास म्हणाला, "मॅडम, बोल्ट टाइटच हाय. बघा तरी." मेकॅनिकने पाहिलं आणि आतून ओरडून सांगितलं, इतका बरोबर आवळलेला बोल्ट या वर्कशॉपमध्ये आजवर आलेला नाही. मोनिका मॅडमना त्याबद्दल आनंद झाला. पण ती ओळ सिस्टिममधून काढता येत नाही म्हणाल्या, आणि नंतर फोन येईल तेव्हा दहापैकी दहा द्या म्हणाल्या.

रोहिदास अजून चौदा नंबरलाच आहे. बदल एकच झाला. आता बोल्टावर रेघ मारली की तो मान वळवतो आणि बुद्धभूषणने ऑइल भरलं की नाही ते पाहतो. याला दोन सेकंद जास्त लागतात. गेल्या आठवड्यात त्याला दुसरा मेमो मिळाला: 'आपल्यामुळे लाइनचा वेग मंदावत आहे.'

मी ती लॅमिनेट केलेली कार्यपद्धती काढून पुन्हा वाचली. बाराच्या बारा पायऱ्या पार पडल्या आहेत, प्रत्येकीसमोर खूण आहे आणि खाली माझी सही आहे. मी एकोणीस वर्षं जे तपासतो, त्या अर्थाने त्या कागदात काहीही चूक नाही.

राहता राहिले आपण. बाराही पायऱ्या आपल्यासमोर ठेवल्या होत्या आणि आपण त्या एकेक करून वाचल्यात. सील न फोडलेला डबा मी दाखवला, मंजुळाबाईंनी तर बोट करून विचारलं. आपल्यापैकी बहुतेकांना त्या वेळी बबनरावांच्या बोलण्याची आणि चहाच्या कपांची गंमत वाटत होती. काहींच्या मात्र लक्षात आलं होतं. ते रोहिदासला पांढरा शर्ट घालून निघताना पाहत राहिले, आता पुढे काय मजा होते बघू म्हणून. त्यांनाही दोष देता येणार नाही, वाचकाचं काम वाचण्याचं, ओरडून सांगण्याचं स्टेशन पुढचं. तेव्हा रीतसर कागद पूर्ण करू. काम करणाऱ्याची सही झालेली आहे, माझीही झालेली आहे. तिसरी जागा आपल्यासाठी मोकळी ठेवली आहे.

पाहणारा: ____________